तीन झाले की थांबवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी 19 वर्षं काम करते. फोनवर ऑर्डर घ्यायची, पॅकिंगवाल्यांना कळवायची, गाठी गेल्या की बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर व्यापाऱ्याला सांगायचा. संध्याकाळी घरी गल्लीतल्या आठ-दहा मुली अभ्यासाला येतात, त्यांची मी अक्का. दोन्हीकडे माझा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो : कानावर पडलेलं डोक्यात टिकतं कसं आणि निसटतं कुठे. खाली जे सांगते आहे ते सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे. कारण कळल्याशिवाय मला कुठलीही युक्ती पटत नाही, म्हणून जिथे कारण माहीत आहे तिथे तेही सांगते.

आधी माझी चूक सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

कामाला लागून तिसरं वर्ष होतं. नांदेडच्या एका व्यापाऱ्यांचा फोन आला. 30 बाय 60 चे पांढरे एकोणसाठ डझन, 27 बाय 54 चे रंगीत चाळीस डझन, थोडे नॅपकिन, कुठल्या ट्रान्सपोर्टने टाकायचं ते, आणि कधीपर्यंत पाहिजे ते. वही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी म्हटलं, ऐकून घेऊ, मग लिहू. फोन ठेवला आणि वहीकडे हात नेला, तेवढ्यात टेम्पोवाल्याने दारातून विचारलं, "मॅडम, कालच्या किती गाठी भरायच्या?" मी "अकरा" म्हणाले. एवढंच. मग वहीत लिहिलं : पांढरे 69 डझन. माल गेला, 120 टॉवेल जास्तीचे गेले, आणि परतीचं भाडं कारखान्यावर पडलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपलं डोकंच कच्चं आहे अशी माझी खात्री झाली. आईने भिजवलेले बदाम सुरू केले, मावशीने ब्राह्मीचं तेल आणून दिलं. त्यांच्या मायेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, पण चुका थांबल्या नाहीत. त्या थांबल्या फार पुढे. गल्लीतली एक मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होती, तिला शिकवता यावं म्हणून तिची पुस्तकं मी वाचायला घेतली. तेव्हा कळलं की माझं डोकं इतर कुणाच्याही डोक्यासारखंच आहे. माझी काम करायची पद्धत चुकत होती.

ताट केवढं आहे ते आधी पाहून घ्या

ऐकलेली किंवा पाहिलेली गोष्ट काही सेकंद धरून ठेवणारी जी जागा आहे तिला अल्पकालीन स्मृती म्हणतात. मी तिला ताट म्हणते. ती फार लहान असते, सगळ्यांचीच. 1956 साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिचं माप सात सांगितलं, कुणाचं दोन कमी तर कुणाचं दोन जास्त. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवून दिलं की मनात घोकणं, जोड्या लावणं या सवयींची मदत काढून घेतली, तर खरं माप चारच्या आसपास येतं.

घरीच करून बघा. कुणाला तरी सेकंदाला एक या बेताने अंक वाचायला सांगा, वाचून संपले की तुम्ही त्याच क्रमाने म्हणा. पहिल्यांदा 7 2 9 4 1. मग 3 8 5 1 9 6 2. मग 6 1 4 9 2 7 5 8 3. पहिली ओळ सगळ्यांना येते. दुसरीला बरेच जण पार होतात. तिसरीला मधले अंक विरघळतात, सुरुवातीचे आणि शेवटचे तेवढे राहतात. माझ्याकडच्या मुलींत वर्गात पहिली येणारी आणि जेमतेम पास होणारी, दोघींचा फरक एका अंकाचा निघाला. हे बघून जेमतेम पास होणारीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

आता दुसरी गंमत. तीन अक्षरं ऐका, क, ट, म अशी एकमेकांशी संबंध नसलेली, आणि लगेच 300 पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजत जा : 297, 294, 291. पंधरा-वीस सेकंदांनी थांबा आणि अक्षरं आठवा. 1959 मध्ये पीटरसन दांपत्याने हाच प्रयोग केला होता. 18 सेकंदांनंतर दहा वेळांत जेमतेम एकदा अक्षरं बरोबर आठवत होती. फक्त तीन अक्षरं! टेम्पोवाल्याचं "किती गाठी" आणि माझं "अकरा" यांनी माझ्या ऑर्डरचं तेच केलं होतं. हे वाचलं त्या दिवशी माझ्या मनावरचं बारा वर्षांचं ओझं उतरलं.

ही जागा सराव करून मोठी होत नाही. तिच्यात काय ठेवायचं, कसं बांधून ठेवायचं आणि तिथून लवकर बाहेर कसं काढायचं, एवढंच आपल्या हातात आहे. तेवढं पुष्कळ आहे.

आईचे गठ्ठे

माझी आई विड्या वळायची. आमच्या पूर्व भागात घरोघरी तेच काम, पुरुष मागावर आणि बायका विडीवर. मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा. दिवसाला हजार विड्या करताना ती शेजारणीशी बोलायची, आम्हाला ओरडायची, भाकरीकडे लक्ष ठेवायची, आणि तिचा आकडा चुकायचा नाही. कारण ती हजारापर्यंत मोजतच नव्हती. 25 विड्या झाल्या की बंडल बांधायचं आणि बाजूला ठेवायचं. मधेच कुणी बोलावलं तर जास्तीत जास्त चालू बंडल पुन्हा मोजावं लागे. बांधलेल्या बंडलात काय आहे हे लक्षात ठेवायची गरज नाही, ते एक बंडल आहे एवढं पुरतं. चाळीस बंडलं झाली की दिवस संपला.

मिलर यांनी 1956 मध्ये हेच सांगितलं होतं. सात ही मोजणी सुट्या अंकांची नाही, गठ्ठ्यांची आहे. एका गठ्ठ्यात एक अंक बांधा नाही तर चार बांधा, जागा एकाचीच जाते. म्हणून आधारचा 12 आकडी नंबर चार-चार-चार असा छापतात आणि मोबाइलचे 10 आकडे आपण पाच-पाच म्हणतो.

पण नुसते तोडून चालत नाही, गठ्ठ्याला दोरा लागतो. तो दोरा म्हणजे तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत असलेलं काहीतरी. समजा बिल्टीचा नंबर आला 19311347. आठ सुटे अंक म्हणजे ताट भरून सांडलं. मी ते असं बांधते : 1931, आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ते साल. 13, सोलापूरच्या गाड्यांच्या पाटीवरचा आकडा. 47, स्वातंत्र्य. तीन गठ्ठे झाले आणि डोक्यात जागा उरली. सोलापूर शहरातला पिनकोड असला की 413 आधीच बांधलेला असतो, पुढचे तीनच अंक नवे. ज्याच्या घरी क्रिकेटचं वेड आहे त्याने धावसंख्या वापराव्यात, ज्याला पाढे येतात त्याने पाढे. 8, 16, 24 दिसलं की आठाचा पाढा, एक गठ्ठा. दुसऱ्याचा दोरा उसना घेऊन उपयोग होत नाही. मी एका मुलीला माझं 1931 दिलं, ते तिला साल म्हणून ठाऊकच नव्हतं. तिच्यासाठी ते चार सुटे अंकच राहिले.

याची सर्वांत मोठी साक्ष अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याची आहे. संशोधनात त्याचा उल्लेख एस. एफ. एवढाच आहे. सुरुवातीला त्याला सातच अंक आठवायचे. दीड वर्षाहून जास्त काळ, एकूण सुमारे 230 तास सराव केल्यावर तो 79 अंक एकदा ऐकून म्हणू लागला. 1980 मध्ये त्याच्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, म्हणून 3492 ऐकलं की तो "मैल धावायला 3 मिनिटं 49.2 सेकंद" असं बांधायचा. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहावर आला. ताट तेवढंच राहिलं होतं, त्याला गाठी बांधायला येत होत्या.

तुमच्या नवऱ्याला किंवा भावाला सामानाची यादी आठवत नाही, पण चौथीत पाहिलेल्या मॅचचा प्रत्येक बॉल आठवतो, यावरून रागावू नका. तिथे त्याच्याकडे दोरा आहे. आमच्या कारखान्यात चादरीचं जकार्ड डिझाइन काढणारे मास्तर आहेत. नवं डिझाइन एकदा बघतात आणि घरी जाऊन कागदावर काढतात. मला रेघा आणि चौकोन दिसतात, त्यांना वेल, कमळ आणि काठ दिसतो. मलाही शिकायला वीस वर्षं मिळाली असती तर मलाही तेच दिसलं असतं.

फोनवर ऐकताना

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण माझं पोट यावर चालतं, आणि तुमचीही रोजची चूक बहुधा इथेच होत असेल.

एकोणसाठचं एकोणसत्तर का झालं? पहिलं कारण आवाज. अल्पकालीन स्मृतीत शब्द मुख्यतः आवाजाच्या रूपात धरले जातात. डोळ्यांनी वाचलेलं असलं तरी मनातल्या मनात म्हणूनच आपण ते धरून ठेवतो. कॉनरॅड या संशोधकाने 1964 मध्ये दाखवलं की लोकांना इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर दाखवली तरी चुका होतात त्या सारख्या आवाजाच्या अक्षरांच्या, बीच्या जागी व्ही वगैरे. मग मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचं काय होणार! 'एकोणस'पर्यंत दोन्ही एकच. दुसरं कारण क्रम. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. घाईत 36 पडतं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, तिथे एकोणसाठ म्हणजे याभै तोम्मिदी, पन्नास आधी आणि नऊ नंतर. त्यामुळे लहानपणापासून माझी ही गडबड व्हायची आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. मराठी माझ्या शाळेची आणि मनाची भाषा आहे, पण आकडा लिहून घेताना मी कुठल्याच भाषेचा अभिमान धरत नाही.

तर माझ्या पद्धती अशा आहेत.

आकडा सुटा करून परत म्हणायचा. समोरचे म्हणाले "एकोणसाठ डझन", की मी म्हणते "पाच नऊ, एकोणसाठ, साठला एक कमी." ते "हो" म्हणाले की मगच पुढे. याबद्दल आजवर एकही व्यापारी वैतागलेला नाही. उलट आता काही जण स्वतःच तसं सांगतात.

तीन झाले की थांबवायचं. माप, रंग, नग, अशा तीन गोष्टी झाल्या की मी म्हणते, "थांबा, एवढं वाचून दाखवते." चार मावतात तरी तीनवरच थांबते, कारण एक जागा टेम्पोवाल्यासाठी रिकामी ठेवावी लागते. तो येणारच. शिक्षकांनो, तुम्हालाही माझी हात जोडून विनंती आहे. "पुस्तक काढा, पान 42 उघडा, तिसरं उदाहरण बघा, त्यातली आकृती वहीत काढा आणि खाली तारीख घाला" असं एका दमात सांगितल्यावर ज्या पोराने नुसतं पुस्तक काढलं ते पोर उनाड नसतं. त्याचं ताट सांडलेलं असतं. दोन सूचना द्या, होऊ द्या, मग पुढच्या दोन.

कुणी मधे बोललं तर बोट वर करायचं, चालू ओळ लिहून संपवायची आणि मगच मान वळवायची. सुरुवातीला हे उद्धट वाटलं. मी ऑफिसात सगळ्यांना एकदा नीट समजावून सांगितलं की माझं बोट वर असेल तर दहा सेकंद द्या. आता साहेबसुद्धा देतात. उठावंच लागलं तर पेन्सिल अर्धवट ओळीवर आडवी ठेवून उठते, म्हणजे परत आल्यावर शोधायला नको.

आणि मनात म्हणत राहण्याची सोय फार छोटी आहे हे ओळखायचं. ॲलन बॅडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मोजलं होतं : साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच घोकून टिकतं. म्हणून लांबलचक शब्द आखूड करा. मी "पांढरा तीस बाय साठ" याला मनात नुसतं "पां-तीस" म्हणते. ओटीपी तीन-तीन करून म्हणायचा आणि म्हणता म्हणताच टाइप करायचा. आधी खोलीत जाऊन चष्मा शोधायचा आणि मग टाइप करायचा, असं करू नका.

कागद नसताना : मोहोळपासून दौंडपर्यंत

कागद जवळ असेल तर कागदच वापरा, त्यात कसलाच कमीपणा नाही. पण भाषण, तोंडी परीक्षा, मुलाखत, तिथे कागद नसतो. तिथे जागांचा उपयोग करायचा.

फार जुनी गोष्ट सांगतात. सिमोनिडीस नावाच्या ग्रीक कवीने मेजवानीचं छप्पर कोसळल्यावर, कोण कुठे बसलं होतं ते आठवून मृतांची ओळख पटवली. क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टी ओळखीच्या जागांवर बसवायच्या, ही रीत त्याच्या नावावर आहे. आपल्याला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापन केलेल्या 68 लिंगांच्या वाटेने यात्रेतल्या नंदीध्वजांबरोबर वर्षानुवर्षं चालणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारून बघा, कुठल्या वळणानंतर काय येतं. यादी म्हणायला सांगितली तर अडखळतील. डोळे मिटून चालायला लावलं तर सांगत जातील.

मागे एका मुलीला 12 जानेवारीला शाळेत हुतात्म्यांवर बोलायचं होतं. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, सगळी गल्ली होम मैदानाकडे, आणि ही रडकुंडीला. भाषण पाठ होतं, पण एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं जात होतं. मी तिला विचारलं, "पुण्याला मावशीकडे जाताना स्टेशनं कुठली लागतात?" ती झोपेतही सांगेल : मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड. सात स्टेशनं आणि भाषणाचे सात मुद्दे. आणि हुतात्म्यांवरच्या भाषणाला हुतात्मा एक्स्प्रेसचाच मार्ग, हे तिला फार आवडलं.

मोहोळला उतरलं की खांबावर मधमाश्यांचं मोठं मोहोळ, पण तो खांब म्हणजे नगरपालिकेचा झेंड्याचा खांब आणि मोहोळावर तिरंगा : 1930 मध्ये नगरपालिकेवर तिरंगा लागला, हा पहिला मुद्दा. माढ्याच्या बाकावर गांधीजी बसलेत, शेजारी पोलीस : मे महिन्यातली अटक. कुर्डुवाडी जंक्शन, तिथे चारी बाजूंनी माणसं पळतायत आणि गोळीबाराचा आवाज. केमला कुंकवाचा मोठा व्यापार, म्हणून सगळा फलाट लाल आणि त्यावर लाल पाटी, मार्शल लॉ. जेऊरला चार जण उतरले, एकमेकांचा हात धरून : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. भिगवणला उजनीच्या पाण्याकडेला पाखरांऐवजी तुरुंगाची भिंत, येरवडा. आणि दौंडला गाडी थांबून राहिली आहे, घड्याळाच्या जागी तारीख : 12 जानेवारी 1931.

चित्र जितकं विचित्र, जितकं रंगाचं-आवाजाचं, तितकं ते धरून राहतं. शांत, सभ्य चित्र पुसलं जातं. पण एका स्टेशनावर एकच चित्र ठेवायचं, गर्दी करायची नाही. आणि एकच मार्ग दर आठवड्याला नव्या यादीला वापरला तर जुनी चित्रं मधे येतात. मी तीन मार्ग ठेवले आहेत : रेल्वेचा, घरातला उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंतचा, आणि कारखान्यातला गेटपासून पॅकिंगपर्यंतचा.

ती मुलगी भाषणात केमला अडखळली. क्षणभर थांबली, आणि मग तिच्या डोळ्यांसमोर फलाट लाल झाला असणार, कारण एकदम म्हणाली, "मग सोलापुरात मार्शल लॉ लागला." मी मागच्या रांगेत होते.

पुस्तक मिटा

आता जे सांगते ते मुलींना सगळ्यांत अवघड जातं. "अक्का, चारदा वाचलं, सगळं येतंय." मी पुस्तक मिटून माझ्याकडे घेते आणि कोरा कागद देते. कागदावर तीन ओळी उतरतात. मग डोळ्यांत पाणी.

वाचताना जे येतंय असं वाटतं ते ओळखीचं वाटणं असतं. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसं. परीक्षेत नावच विचारतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. हे पाच मिनिटांचं यशच मुलांना फसवतं. रात्री वाचून झोपताना "झालं" वाटतं, ते त्यामुळेच.

म्हणून आमच्याकडे नियम असा : एक पान वाचा, मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग उघडा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. लाल शाई जास्त दिसली तर घाबरायचं नाही. आठवण्याचा जो त्रास होतो, त्या त्रासातच ते पक्कं होतं.

आणि हे एका दिवशी पाच वेळा करायचं नाही, पाच दिवशी एक-एक वेळ करायचं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून स्वतःवरच मोजणी केली आणि 1885 मध्ये छापली. पहिल्या तासाभरातच पाठ करण्याची निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली त्याला दिसली, पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावत गेला. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब-लांब. मी मुलींना देते तो बेत : त्याच रात्री झोपण्याआधी एकदा, दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. वहीच्या कोपऱ्यात पाच छोटे चौकोन काढायचे आणि खूण करत जायची. रात्रीच्या उजळणीनंतर मोबाइल बघायचा नाही, सरळ झोपायचं. झोपेत विसरणं कमी होतं हे 1924 पासून माहीत आहे, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारी मुलं मला दर मार्चमध्ये दिसतात आणि पोटात तुटतं.

माझे वडील मागावर होते, शिक्षण चौथी. पण पावकी, निमकी, दीडकी त्यांना शेवटपर्यंत येत होती. कापडाच्या वारांचा हिशेब तोंडी. त्यांच्या मास्तरांनी ती रोज संध्याकाळी म्हणून घेतली होती, पुस्तक न उघडता, वर्षभर. त्यात मार खूप होता, तो परत नको. रोजचं म्हणून घेणं परत आलं तर मला हवं आहे.

घरातल्या छोट्या गोष्टी

"आठवणीने गोळी घे" असं म्हणून गोळी घेतली जात नाही. एखादी पक्की घडणारी गोष्ट धरायची आणि तिला काम बांधायचं : "सकाळचा चहा गाळला, की कप उचलण्याआधी गोळी." आईची रक्तदाबाची गोळी मी चहाच्या गाळणीजवळच्या डबीत ठेवली, तेव्हापासून चुकली नाही. गेट बंद केलं की गॅस पाहिला का, याचं उत्तर हवं असेल तर बंद करताना मोठ्याने म्हणा, "मंगळवार, गॅस बंद." वाराचं नाव घातल्याने आजचं आणि कालचं बंद करणं एकमेकांत मिसळत नाही.

दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशाला आलो ते विसरलं, तर पहिल्या खोलीत परत जा. दार ओलांडलं की मनातला प्रसंग बदलतो, मागचा थोडा पुसट होतो. परत गेल्यावर मला बऱ्याचदा आठवतं. म्हातारपण आलं म्हणून हळहळायला नको, विशीतल्या मुलींनाही हे होतं.

नाव लक्षात राहत नसेल तर ऐकल्याबरोबर त्याच माणसाला नावाने हाक मारून एक प्रश्न विचारा आणि निरोप घेताना पुन्हा नाव घ्या. एवढंच, फार काही नाही त्यात.

डॉक्टरांकडे कधी जायचं

किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं. किल्ली हातात घेऊन ही कशाची हे न कळणं वेगळं. तोच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा साधा हिशेब अचानक न जमणं, हे घरात कुणाला दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. बी-12 कमी असणं, थायरॉइड, अपुरी झोप, मनाचं खूप दिवसांचं दुःख, काही औषधं, यांनीही विसरायला होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. माझी आई दोन वर्षांपूर्वी एकाच दुपारी तीनदा "भाकरी झाली का" म्हणाली. मी ते तारखेसह वहीत लिहिलं. पुढच्या दहा दिवसांत आणखी सहा नोंदी झाल्या. डॉक्टरांना मी ती वहीच दाखवली. तपासणीत बी-12 खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. नोंदी नसत्या तर मी नुसतं "आई विसरते हो" म्हणाले असते आणि पाच मिनिटांत बाहेर आले असते.

ऑफिसात टेलिफोनच्या वायरलाच आता मी सुतळीने पेन्सिल बांधली आहे, वही टेबलाच्या या टोकाला असते, रिसीव्हर उचलायच्या आधी उघडलेली.